मशीनबाईंची गाडी आणि लाल औषधाची वाटी

माझ्या थोरल्या नणंदेनं वयाच्या बासष्टाव्या वर्षी तीन लाख शहाऐंशी हजार किलोमीटर पळालेली परदेशी गाडी विकत घेतली, तेव्हा मी त्यांच्याशी चार दिवस बोलले नाही. पाचव्या दिवशी बोलले, आणि जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. आज त्याच बाईचं नाव निघालं की माझे हात आपोआप जोडले जातात. मधे काय झालं ते सांगते.

मी त्यांना वन्सं म्हणते. बाकी सगळं जग मशीनबाई म्हणतं. शिवणयंत्रं दुरुस्त करण्यात त्यांची चाळीस वर्षं गेली. दुकान एका शटरएवढं रुंद. आत छतापर्यंत लहान लहान खण, त्यांत बॉबिन, सुया, पट्टे, स्क्रू, आणि सगळ्यावर मशीनच्या तेलाचा वास. कपड्यांच्या कारखान्यांतली मशीनं आणायला-पोचवायला त्या तीस वर्षं स्वतः टेम्पो चालवत होत्या. लग्न केलं नाही. का नाही म्हणून कुणी विचारलंच तर म्हणायच्या, "दर वर्षी ठरवायचे हो, पण नेमका सीझन यायचा."

मशीन उघडायच्या आधी त्या ते ऐकतात. कापड मोजायचा लाकडी गज घ्यायचा, एक टोक चालत्या मशीनवर आणि दुसरं कानाला. डोळे मिटून मिनिटभर. मग एके ठिकाणी बोट ठेवतात आणि म्हणतात, "इथं." बिघाड तिथंच असतो. मी लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं होतं, बाई भलतीच नाटकी आहे.

त्यांचा धाकटा भाऊ म्हणजे आमचे हे. वन्संच्या तोंडी अजून 'बाळ्या', वय अठ्ठावन्न. यांनी शाळेत जन्मभर भूमिती शिकवली आणि तोच फळा घरी आणला. चहात साखर घातलीय असं मी म्हटलं तरी हे म्हणणार, "सिद्ध कर." मला त्याचा एवढा वैताग यायचा की एकदा मी अख्खी बरणीच कपात उपडी केली होती.

दोन वर्षांपूर्वी यांना हाडांचा आजार निघाला, तोही पाठीच्या मणक्यांत. शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, दर तीन आठवड्यांनी इथं येऊन सलाईनमधून औषध घ्यायचं. अशी अठरा सलाईनं. "एकही चुकवायचं नाही," त्या म्हणाल्या. "चुकवलंत तर मणके बसतील, पाय जातील. पुढचं मी आज बोलत नाही."

शहर आमच्यापासून नव्वद किलोमीटर, मधे घाट. पहिल्या दोन खेपा आम्ही भाड्याच्या गाडीनं केल्या. त्या गाडीत बसायचं म्हणजे कमरेत वाकायचं, आणि यांना वाकता येत नव्हतं. प्रत्येक खड्ड्याला यांच्या तोंडून जो आवाज निघायचा, तो मी सव्वीस वर्षांच्या संसारात कधी ऐकला नव्हता. दुसऱ्या खेपेला वन्सं बरोबर होत्या. घरी आल्यावर हे कसेबसे जिना चढले, कॉटवर पडले आणि भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "मी आता जाणार नाही. पाय जायचे तर घरी बसून जाऊ देत."

मी रडले, भांडले, दोन दिवस अबोला धरला. हे ढिम्म हलेनात. वन्सं कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून चहा पीत होत्या. कप धुतला, पालथा घातला आणि निघून गेल्या. मला वाटलं, सख्खी बहीण आणि चकार शब्द नाही! आठ दिवसांनी त्यांनी ती गाडी आणून दारात उभी केली.

काळी, लांबलचक, माझ्या खांद्याएवढी उंच. आत साईच्या रंगाचं कातडं. माझे डोळेच पांढरे झाले. आधी वाटलं कुणीतरी चोरीची गाडी गळ्यात मारली. मग त्यांनी आकडा सांगितला, किती पळालीय तो, आणि माझं डोकंच फिरलं. "अहो वन्सं, एवढ्यात माणूस चंद्रावर पोचतं!"

"पोचली नाही ना पण," वन्सं म्हणाल्या. "परत आलीय. म्हणजे चांगली आहे."

त्यांनी चार गाड्या पाहिल्या होत्या. एक तर फक्त साठ हजार पळालेली, चकचकीत. ती सोडली. कारण विचारलं तर म्हणाल्या, "उभी राहून आंबलेली होती. हौसेनं घेतलेलं मशीन आणि कारखान्यातलं मशीन समोर असेल तर मी डोळे मिटून कारखान्यातलं उचलते. ते रोज चाललेलं असतं, रोज कुणीतरी पुसलेलं असतं." ही गाडी एका बांधकामवाल्याची, तिचा ड्रायव्हर बारा वर्षं एकच. सर्व्हिसच्या वहीत एक पान कोरं नव्हतं. वन्संनी इंजिनाला गज लावला आणि डोळे मिटले, तेव्हा तो ड्रायव्हर हसू दाबत होता. मग त्यांनी बोट ठेवलं, "हा पट्टा महिनाभरात तुटणार." ड्रायव्हरनं मुकाट्यानं डिकी उघडली. नवा पट्टा त्यानं आधीच आणून ठेवला होता. हे त्यानंच मला नंतर सांगितलं, तोंडात बोट घालून.

चार दिवस माझा अबोला. पाचव्या दिवशी माझं बोलून झालं, तेव्हा वन्सं म्हणाल्या, "बाळ्याला खाली आणा."

हे येईनात. मी म्हटलं, नुसतं बघून तर घ्या, बहिणीनं आयुष्याची मिळकत घातलीय. कठड्याला धरून एकेक पायरी उतरले. गाडीपाशी उभे राहिले आणि म्हणाले, "एवढ्या उंच चढणार कोण?" वन्संनी आत एक बटण दाबलं. उसासा टाकल्यासारखा आवाज झाला आणि गाडी खाली आली. खोटं सांगत नाही. आपण लहान मुलाशी बोलायला वाकतो ना, तशी ती चारी चाकांवर वाकली. चाकांपाशी लोखंडी स्प्रिंगांऐवजी हवेच्या जाड रबरी पिशव्या होत्या. हवा सोडली की गाडी खाली, भरली की वर. यांनी पाठ टेकवली, सरकले आणि आत बसले. वाकावं लागलं नाही. सीट गरम होती, त्यालाही बटण. यांचे डोळे आपोआप मिटले. दोन महिन्यांत पहिल्यांदा यांच्या कपाळावरची आठी गेलेली मी पाहिली. मी चार दिवसांचा राग धरून उभी होते आणि माझ्या अंगावर काटा आला.

पण वन्सं एवढ्यावर विश्वास ठेवणाऱ्यातल्या नव्हेत. दुरुस्त केलेलं मशीन त्या चिंधीवर टाके घालून पाहिल्याशिवाय देत नाहीत. यांना नेण्याआधी त्या एकट्याच तो रस्ता तीनदा जाऊन आल्या. मागच्या सीटवर, जिथं हे बसणार तिथं, पाण्यानं काठोकाठ भरलेली वाटी ताटलीत ठेवलेली. पाणी सांडलं की गाडी बाजूला घ्यायची आणि खाकी कागदाच्या लांब पट्टीवर पेन्सिलीनं खूण करायची. शिंपी नमुने कापतात तो कागद. कुठला खड्डा डावीकडून, कुठला उजवीकडून, कुठं रस्ता नुसता लाटेसारखा आहे. पहिल्या फेरीत अर्धी वाटी उरली, तिसऱ्या फेरीत पाऊण.

तिसरी आणि चौथी खेप त्या गाडीतून झाली. चौथीला हे घाटात चक्क घोरत होते. मी मागे वळून पाहिलं आणि मला हसावं की रडावं कळेना.

गाडी जपणं हे वन्संचं निराळंच काम होऊन बसलं. रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी शिवणाची टेप घेऊन त्या गाडीभोवती फिरायच्या. चारी चाकांपाशी जमिनीपासून वरच्या कमानीपर्यंतचं माप. एखादा कोपरा बोटभर खाली असेल तर त्या पिशवीतून हवा जातेय. मापं दुकानातल्या कॅलेंडरवर लिहायच्या. खालच्या मजल्यावरचे आजोबा रोज विचारायचे, "काय मशीनबाई, गाडीला झबलं शिवताय का?" वन्सं म्हणायच्या, "छाती भरत नाही हो अजून."

आणि मग ते झालं. चौथ्या खेपेनंतर गाडी मागून कुरकुरायला लागली. वन्संनी गज लावला, ऐकलं. आता चाळीस वर्षं कुरकुर ऐकली की ज्या बाईचा हात लांब चोचीच्या तेलाच्या डबीकडे जातो, ती दुसरं काय करणार? गाडीखाली शिरल्या आणि जिथं जिथं काही हलत होतं तिथं थेंब सोडला. लोखंडाच्या सांध्यांत, त्यांच्यामधल्या रबरी कड्यांत, त्या हवेच्या पिशव्यांच्या घड्यांतसुद्धा. कुरकुर थांबली. वन्सं खूश.

पाचव्या खेपेच्या सकाळी मागचा उजवा कोपरा दीड बोट खाली होता. मी थर्मास घेऊन शेजारीच उभी होते. वन्संनी माप पाहिलं, ओठ मुडपले आणि त्या घडीत आणखी एक थेंब सोडला.

दुपारी परत येताना घाट उतरून सपाटीला लागतोय तोच लांबलचक 'फुस्स' झालं आणि मागचा उजवा कोपरा खाली बसला. नेमका यांच्याखालचा. त्या जागी आता हवा नव्हती, रस्त्याचा एकेक खडा थेट मणक्यात. घर चाळीस किलोमीटर. मी म्हटलं, रुग्णवाहिका बोलवू. हे घामानं भिजले होते, तरी म्हणाले, "आजार निघाला तेव्हा तिच्यात बसून पाहिलंय मी. नको." वन्संनी यांना पुढच्या डाव्या सीटवर निजवलं, उशा खोचल्या आणि माणूस भरभर चालतो तेवढ्या वेगानं गाडी काढली. साडेपाच तास लागले. यांनी दातांत नॅपकिन धरला होता. मी सगळी वाट वन्संना बोलत होते. गाडीला बोलले, हट्टाला बोलले, त्यांच्या म्हातारपणाला बोलले. त्यांची रस्त्यावरची नजर एकदाही हलली नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी गॅरेजला गेली. मी मुद्दाम बरोबर गेले, चारचौघांत बोलून घ्यायला. गॅरेजवाल्याच्या गळ्यात दोरीनं चष्मा अडकवलेला. त्यानं तो डोळ्यांवर चढवला, पिशवीच्या घडीतून बोट फिरवलं आणि वास घेतला. रबर भिजलेल्या पावासारखं फुगलं होतं, नखानं तुकडा निघत होता. "रबराला तेल कुणी पाजलं? तेलानं रबर मरतं, एवढं माहीत नाही?"

मी तोंड उघडणार होते. त्याआधीच वन्सं म्हणाल्या, "मी. लोखंडाला लागतं म्हणून रबरालाही घातलं. सकाळी माप कमी आलं तेव्हा थांबायला हवं होतं, तेव्हाही तेलच घातलं. माझ्या भावाला त्याचा त्रास झाला."

गॅरेजवाला वरमला. म्हणाला, "बाई, हा पांढरा हत्ती आहे, विकून टाका."

"गाडी बरोबर आहे," वन्सं म्हणाल्या. "चुकले मी. मला शिकवाल का?"

चाळीस वर्षं जिला लोक 'बोट ठेवेल तिथं बिघाड' म्हणून ओळखतात, ती बाई भर गॅरेजमध्ये स्वतःवर बोट ठेवत होती. माझ्याच्यानं हे झालं नसतं. आजही होणार नाही.

ऐन सीझनमध्ये त्यांनी अकरा दिवस दुकान बंद ठेवलं. असं कधी झालं नव्हतं. मी डबा घेऊन जायचे तेव्हा गाडीखालून फक्त त्यांच्या चपला दिसायच्या. तेल लागलेलं एकूण एक रबर त्यांनी काढलं, नवं बसवलं. सांध्यांवर साबणाचा फेस लावून बुडबुडा येतो का ते बघत तासन् तास बसल्या. तिसऱ्या दिवसापासून मी डबा दोघींचा न्यायला लागले. तिथंच टायरवर बसून जेवायचो. राग कधी गेला ते माझं मलाच कळलं नाही.

सहाव्या खेपेला चार दिवस उरले तेव्हा वन्सं घरी आल्या आणि यांच्या कॉटपाशी उभ्या राहिल्या. "बाळ्या, तेल मी घातलं होतं."

"माहीत आहे. सगळ्या वाटेनं वास येत होता."

"आता गाडी नीट आहे. गुरुवारी चल."

"नाही." मग छताकडे बघत, "सिद्ध कर."

त्या वैतागवाण्या दोन शब्दांनी मला एवढा आनंद पूर्वी कधी झाला नव्हता. नुसतं 'नाही' म्हणणाऱ्याला पुरावा कशाला लागतो?

अट यांनीच घातली. यांचं रक्तवाढीचं लालभडक औषध यांनी स्वतःच्या हातानं वाटीत ओतलं, काठापासून अर्धं बोट खाली. "पाणी असतं तर वाटेत भरून घ्याल तुम्ही दोघी," म्हणाले. वाटी ताटलीत, ताटली माझ्या मांडीवर, मांडीवर उशीचा पांढरा अभ्रा. मी यांच्या जागी बसायचं, वाटीला हात लावायचा नाही. दवाखान्याच्या फाटकापर्यंत जायचं आणि परत यायचं. "अभ्र्यावर डाग दिसला तर पुन्हा मला विचारायचं नाही. कबूल?"

"कबूल," वन्सं म्हणाल्या.

"माझ्या मांडीला कुणी विचारलं का?" मी म्हटलं. कुणी ऐकलं नाही.

तो प्रवास मी मरेपर्यंत विसरणार नाही. खाकी पट्टी वन्संनी घरीच ठेवली होती, सगळी तोंडपाठ. कुठला खड्डा येणार ते त्या आधी सांगत नव्हत्या, मला तो नंतर मागच्या काचेतून दिसायचा. गाडी वळणावर अशी झुकायची की औषधाची रेघ वाटीत हळूच तिरकी व्हायची आणि हळूच सरळ व्हायची. दोन टनांचं ते धूड, चार लाखांच्या घरात पळालेलं, आणि एका बाईच्या तळव्याखाली असं चाललं होतं की मी श्वास घ्यायला विसरत होते. घाट चढलो, उतरलो. अभ्रा पांढराफेक. नदीवरच्या पुलाला मधे लोखंडी सांधा आहे, तिथं डावं चाक टक्क करून गेलं. एक थेंब उडाला. अभ्र्यावर, मधोमध.

आरशात वन्संनी पाहिलं होतं. फाटकापाशी त्यांनी गाडी थांबवली, उतरून टेपनं चारी कोपरे मोजले आणि गाडी वळवली. मी विचारलं, "आता कशाला जायचं हळू? डाग तर पडला." त्या म्हणाल्या, "अर्धी चिंधी बघून मशीन देत नाही मी."

घरी आलो. यांनी चष्मा लावला. आधी वाटी पाहिली, मग अभ्रा उजेडात धरला. देवा, मनात म्हटलं, हा माणूस आयुष्यभर अर्ध्या मार्कासाठी पोरांना नापास करत आलाय.

"एक थेंब," हे म्हणाले.

"पुलाच्या सांध्यावर," वन्सं म्हणाल्या. "जाताना. डावं चाक."

"आणि येताना, त्याच सांध्यावर?"

"येताना नाही. सांधा येण्याआधी वेग कमी केला आणि उजव्या कडेनं घेतली. तिथं पत्रा बसका आहे."

यांनी चमचा मागितला, वाटीतलं चमचाभर औषध घेतलं, तोंड वाकडं केलं आणि मला म्हणाले, "बाकीचं बाटलीत ओत." आणि वन्संकडे न बघता, "गुरुवारी किती वाजता निघायचं, ताई?"

वन्सं तिथंच उंबऱ्यावर बसल्या आणि हमसून हमसून रडल्या. चाळीस वर्षांचं तेल मुरलेले हात तोंडावर धरून. मी त्यांच्या शेजारी बसले. म्हटलं, "वन्सं, माझी मांडी मात्र मेलीय हो पार." तेव्हा कुठं हसल्या.

पुढच्या तेरा खेपा झाल्या. एकही चुकली नाही. मधे हवेचा पंप गेला, एकदा दाराचं कुलूप, एकदा समोरचा आकडे दाखवणारा पडदाच काळा पडला. वन्सं आणि तो चष्मेवाला मिळून निस्तरत गेले. तेलाची डबी त्या गाडीच्या आसपाससुद्धा आणत नाहीत. टेप रोज फिरते.

अठराव्या सलाईननंतर डॉक्टरीणबाईंनी फोटो उजेडाला लावले आणि म्हणाल्या, मणके सावरलेत, आता सहा महिन्यांनी या. येताना हे पुढच्या सीटवर बसले होते. आमचं वळण आलं, वन्संनी वेग कमी केला, तसे हे म्हणाले, "ताई, वळू नकोस. सरळ घे."

"सरळ कुठं? तिकडं आपलं काय आहे?"

"काही नाही," हे म्हणाले. "दुखत नाहीये. नुसतं फिरव."

वन्संनी आरशात माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली, आणि त्यांनी गाडी सरळ घेतली.